आंबट ढेकरांची मामलत

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत पाटपाण्याच्या पाळीवरून, कोरलेल्या बांधावरून आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीवरून जे मतभेद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, त्यांचा निकाल नजीकच्या काळात लागेल असा संभव दिसत नाही. तथापि एका बाबतीत घोडनदीचा काठ आणि भीमेचा काठ यांच्यात पूर्ण एकवाक्यता आहे, आणि ती बाब म्हणजे आपल्याला पित्त आहे. हे पित्त कोणी स्वकर्तृत्वाने मिळवलेले नसते. ते बोअरच्या पाण्यातून येते, पामतेलातून येते, सुनेच्या हातच्या फोडणीतून येते, आणि वडिलांकडून तर सातबाऱ्यावर नाव लागण्याच्या कितीतरी आधी वारसाहक्काने येते. ज्याच्या छातीत ते जळते तो गृहस्थ या मामल्यात निव्वळ फिर्यादी असतो. त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची बेअदबी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

वास्तविक अन्ननलिका जेथे जठरात उतरते तेथे निसर्गाने स्नायूंचे एक कडे नाकेदार म्हणून नेमलेले आहे, आणि खाली जाणाऱ्या घासास वाट द्यावी, वर येणाऱ्या आम्लास अटकाव करावा, एवढेच त्याचे काम आहे. जठराला आपल्याच आम्लापासून रक्षण करणारे चिकट अस्तर आहे. अन्ननलिकेला तशी सोय नाही, म्हणून नाका ढिला पडला की उरात आग, घशाशी आंबट पाणी आणि पहाटेचा कोरडा खोकला हे तिन्ही हजर होतात. हा नाकेदार मुळात बेइमान नसतो. परंतु पोट तट्ट फुगले की तो वरचेवर सैल पडतो, तंबाखूने त्याची पकड जाते, तेलाचा तवंग आलेला रस्सा जठरात ठिय्या मांडून बसतो, सुटलेली ढेरी खालून रेटा देते, आणि अशा समयी धनी आडवा झाला म्हणजे गुरुत्वाकर्षणाचीही मदत तुटते. आमच्याकडे हे पाचही योग एकाच रात्री जुळून येतात, आणि त्या रात्रीस आपण जेवणावळ म्हणतो.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. तेव्हा उसाला पाणी देण्यासाठी जो मनुष्य बिबट्याच्या धास्तीने हातात बॅटरी आणि काठी घेऊन शिरूरच्या फडात उतरतो, तो अकरा वाजता भाकरी मोडून तशीच पाठ टेकतो, याबद्दल त्याला आरोग्याचे प्रवचन ऐकवणे हा निर्लज्जपणा होईल. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तिसरी पाळी करणारा कामगार आणि दौंड जंक्शनावर अवेळी गाडीवर चढणारा रेल्वेचा नोकर यांचीही कैफियत रास्त आहे. आमचा प्रश्न आहे तो त्या सद्‌गृहस्थांविषयी, ज्यांचा उसाशी संबंध रसवंतीपुरता आणि बिबट्याशी संबंध मोबाइलवरील चित्रफितीपुरता आहे. कचेरी सहाला सुटते, घर दहा मिनिटांवर असते, भाकरी आठला तयार होते. आणि तरीही हे लोक साडेदहाला महामार्गावरील ढाब्यावर बसून, काळ्या रश्श्यात भाकरी कुस्करीत, हल्ली अन्नात कस राहिला नाही म्हणून हळहळत असतात.

धर्मकृत्यांतही आम्ही या व्याधीची उपेक्षा होऊ देत नाही. रांजणगावच्या महागणपतीला संकष्टीस जाणारा भाविक दिवसभर चहावर आणि तुपात न्हालेल्या साबुदाण्यावर निराहार राहतो, चंद्रोदयाची वाट पाहत रात्रीचे नऊ वाजवतो, आणि मग दिवसभराची थकबाकी एकाच ताटात वसूल करून लगोलग अंथरुणावर पडतो. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून विरुद्ध, आंबट आणि दाहकारक अन्न ही त्याची कारणे म्हणून दिलेली आहेत. त्या ग्रंथकाराला आमच्या चतुर्थीचे ताट दाखवले असते, तर त्याचे पुष्कळसे लेखन वाचले असते.

या सर्वांवर तोडगा म्हणून आम्ही गोळीस शरण गेलो आहोत. ओमेप्राझोल 1988 साली बाजारात आले आणि त्याच्या भावंडांनी, विशेषतः पँटोप्राझोलने, आमच्या स्वयंपाकघरात मिठाशेजारी जागा मिळवली. शिरूरच्या एका औषधांच्या दुकानात परवा ऐकलेला संवाद या विषयाचा सारांशच होता. फेटेवाले आजोबा म्हणाले, “ती पित्ताची पट्टी द्या.” दुकानदार म्हणाला, “आप्पा, ही सकाळी उपाशीपोटी घ्यायची, जेवणाच्या अर्धा तास आधी.” आप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “आरं, जळायला लागल्याबिगर गोळी कशापायी खायची?” आणि नुकत्याच खाल्लेल्या मिसळीवर, हातातल्या चहाच्या घोटाबरोबर, त्यांनी ती तेथेच गिळली. जठरातील आम्लाचे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि चालू असलेल्या पंपालाच ही गोळी बंद पाडते, म्हणून ती आधी रक्तात पोहोचावी लागते, हे शास्त्र आप्पांना कोणी सांगितले नव्हते. शिवाय गोळीने आम्ल घटते, नाका मिटत नाही. ती वर्षानुवर्षे आपल्याच मुखत्यारीने घेतल्यास ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 शरीरात कमी पडू शकते, आणि एकदम सोडल्यास आम्ल काही काळ दुप्पट जोमाने उसळते. मग तो गृहस्थ गोळीवाचून आपले चालत नाही असा दाखला स्वतःलाच देतो. खाण्याच्या सोड्याचे भक्त निराळे. सोडा आम्लास भेटला की वायू होतो, वायूची ढेकर येते, ढेकरेचा आवाज सबंध आळीत जातो आणि औषध लागू पडले अशी ग्वाही फिरते.

थट्टा येथे क्षणभर थांबवतो, कारण “गॅस झालाय” या दोन शब्दांवर विसंबून सोडा पीत बसलेली माणसे हृदयविकाराने गेलेली आहेत. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे काही असेल तर ढेकरेची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. घास अडकणे, वजन विनाकारण उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

बाकी उपाय फुकटचे आहेत, आणि त्यामुळेच ते कोणी करीत नाही. जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचे अंतर, ताटात दोन घास कमी, ढेरी थोडी आत, मशेरी आणि तंबाखू बंद, निजताना डावी कूस. जुनी माणसे वामकुक्षीचा आग्रह धरीत, त्यातली कूस बरोबर होती. घाई तेवढी चुकीची. आणि खाटेचे उशाकडचे पाय सहाएक इंच उचलावेत. नुसत्या उशा रचल्याने कंबरेत घडी पडून पोट अधिकच दाबले जाते.

दौंडकडच्या एका सुशिक्षित कुटुंबात हा शेवटचा उपाय अंमलात आला. शेजारच्या वीटभट्टीवरून चार विटा आणून उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन लावण्यात आल्या. पहिल्या रात्री यजमान पायथ्याकडे घसरले, दुसऱ्या रात्री, घरात खाट तिरकी ठेवणे अशुभ असते, असा आक्षेप मातोश्रींनी नोंदवला, तिसऱ्या रात्री यजमानांस खरोखरच स्वस्थ झोप लागली, परंतु सकाळी पाहुणे आले आणि खाट पाहून “कोण आजारी आहे?” असे विचारते झाले. पाहुण्यांसाठी रात्री मटणाचा बेत ठरला, अंगणात तीन दगडांची चूल मांडावयाची होती, आणि तिसरा दगड काही केल्या सापडेना.