कोणती लाईट?

पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डाजवळ चहाच्या टपरीवर उभं राहून सहज म्हणून बघा, "आज सकाळपासून लाईट नाही." पाठीमागून प्रश्न येतोच, "कोणती?" वळून पाहायची गरज नसते. नाना असतात.

असा एखादा नाना निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावात सापडेल. जुनी अकरावी पास, दोन एकर द्राक्षबाग, एकरभर टोमॅटो, आणि शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी एकदा पाठीवर मारलेली शाबासकीची थाप. ती थाप अजून उतरलेली नाही. तसं सगळ्या इंग्रजीशी त्यांचं वैर नाही. ड्रिप, क्रेट, थिनिंग, डिपिंग हे शब्द घरचेच झालेत. दावा आहे तो एकट्या 'लाईट'वर.

"एका शब्दाला एक विरुद्धार्थी शब्द, असं आपल्याला शिकवलंय," नाना बशीत चहा ओतत सांगतात. "आता लाईटच्या विरुद्ध काय? वजनात हेवी. रंगात डार्क. चहात कडक. बल्ब मिणमिणला तर डीम. आणि तारेतून येते तिच्या विरुद्ध?"

"अंधार," एखादा नवखा बोलून जातो.

"दिवसा गेली तर कुठला अंधार? तिच्या विरुद्ध एकच शब्द, 'गेली'! ज्याला इतके विरोधक, त्यानं सरळ बाजार समितीच्या निवडणुकीला उभं राहावं."

गंमत बाजूला ठेवली तर नानांचं निरीक्षण बारीक आहे. लाईटचं लिंगसुद्धा ठरलेलं नाही. तारेतली लाईट बाई. ती येते, जाते, कधी मोटर चालू करेपर्यंत नुसती डोकावून परतते. मोटारसायकलचा लाईट बाप्या, तो फुटतो. मांडवातल्या लायटी नेहमी घोळक्यानं.

मध्यंतरी पोट बिघडलं म्हणून नाना दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, शहरातले. तपासून म्हणाले, "नाना, रात्रीचं लाईट घेत जा."

"रात्रीचीच घेतो ना! दिवसा देतंय कोण?"

डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि रात्रीच्या पाळीत माणसाचं झोपेपासून पचनापर्यंत सगळं मोटरीच्या तंत्रानं चालतं.

साडीच्या दुकानातही तेच. सुनेसाठी साडी बघताना नाना म्हणाले, "जरा लाईटमध्ये दाखवा." दुकानदारानं फिकट अबोली, फिकट मोतिया, फिकट पिस्ता असा ढीग लावला. नानांना पहिलीच साडी हवी होती, फक्त ट्यूबलाईटखाली. अर्ध्या तासानं घोटाळा उलगडला तेव्हा सुनेनं त्या ढिगातलीच एक पसंत केलेली होती. आणि ती महाग होती.

महामार्गावरच्या टोलनाक्यावर मात्र नाना खरंच खवळतात. वीस किलोचा एक, असे टोमॅटोचे ऐंशी क्रेट भरलेली पिकअप. सोळाशे किलो माल, मागची चाकं बसलेली, आणि फलकाप्रमाणे ती हलक्या वाहनात मोडते. "ही लाईट? मग हेवी कशाला म्हणायचं, माझ्या कर्जाला?" मागून हॉर्न वाजतात. नातू खिडकीतून मान आत घेत म्हणतो, "नाना, लाईट घ्या ना!" म्हणजे मनावर घेऊ नका. हा आणखी एक अर्थ, आणि याचा विरुद्धार्थी शब्द नानांच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो.

मी एकदा त्यांना शब्दांची कुळकथा ऐकवली. इंग्रजीतले हे दोन 'लाईट' मुळात भाऊ नाहीतच. उजेडाचा लाईट आपल्या संस्कृत 'रुच्' धातूच्या, म्हणजे चकाकण्याच्या घराण्यातला; आपली 'रुची' त्याच घरची. वजनाचा लाईट हा 'लघु'चा नातेवाईक. उच्चार झिजत झिजत एक झाले. मला वाटलं, नाना थक्क होतील.

"मग त्यात काय?" नाना म्हणाले. "आपल्याकडे एका नावाचे चार-चार बाळू असतात. आपण विचारतोच ना, कोणता, मळ्यातला का गल्लीतला? मी दुसरं काय विचारतो?"

यावर मला बोलायला जागा उरली नाही. मग मीही मराठीचं उणं काढलं. लिलावात 'माल हलका आहे' म्हटलं की भाव उतरतो, पण 'हाताला हलका डॉक्टर' शोधत आपण तालुका पालथा घालतो. 'भारी' वजनालाही आणि कौतुकालाही. नानांनी ऐकून घेतलं आणि बिल माझ्याकडे सरकवलं. चहाचं. लाईटबिलाचा विषय ते स्वतः कधीच काढत नाहीत.

पौषात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की नानांची झोप उडते. कडाक्यात मणी तडकतात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, वेलींना पाणी द्यायचं. अशाच एका रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. दोनच्या सुमारास मळ्यावरून गड्याचा फोन आला, "नाना, लाईट आली."

'कोणती' विचारायचं राहून गेलं. मफलर गुंडाळून नाना अंगणात पोहोचलेसुद्धा. तालुक्यात बिबट्याची वार्ता नेहमीचीच. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, लाईट!"

नाना मुकाट्यानं मागे फिरले, खुंटीवरची बॅटरी उचलली आणि गेले.