पंचवीस हजारांचा चंद्र

माझा फोन एक लाख दहा हजारांचा आहे आणि आईला मी तो पंचवीस हजारांचा सांगितला आहे. नाकं मुरडू नका. तुमच्याही घरात साड्यांचे आणि बुटांचे भाव उंबरठा ओलांडताना उतरतच असतील. खरी किंमत सांगण्यासारखी नव्हतीच. डोंबिवलीतली आमची ही राहती जागा वडिलांनी १९८४ साली पंच्याऐंशी हजारांना घेतली. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. ज्या घरात आपण चाळीस वर्षं राहिलो त्यापेक्षा महाग वस्तू मुलगा शर्टाच्या खिशात घालून फिरतो, हे कळल्यावर तिचं काय होईल ते राहू द्या, माझं काय होईल?

तर खोटं बोललो आणि ते पचलं. इतकं सहज पचलं की मलाच वाईट वाटलं. "पंचवीस? बरा आहे," एवढं म्हणून आई पुन्हा भाजी निवडायला लागली.

आयफोनच्या बाबतीत हे खोटं अर्धा मिनिटही टिकलं नसतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण ते उष्टं सफरचंद तिला लांबून ओळखता येतं. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात बघितलं होतं आणि शेजारच्या बाईंनी भावही सांगितला होता. महागड्या अँड्रॉइडला अशी काही कुंकवाची खूणच नाही. पाठीवर चार डोळे आणि खाली कंपनीचं नाव. तेच नाव कंपनी बारा हजारांच्या फोनवरही छापते. एक भाऊ कलेक्टर, दुसरा कलेक्टर कचेरीच्या बाहेर झेरॉक्सवाला, पण आडनाव एकच असल्यामुळे लोक दोघांकडेही झेरॉक्सच मागणार, तशातली गत. लाख रुपये मोजून मी एक गुपित विकत घेतलं होतं.

ज्यांना गुपित माहीत आहे त्यांची तऱ्हा वेगळी. ऑफिसात किंमत कळली तेव्हा प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "अहो, मग तेवढ्यात आयफोन नसता का आला?" डॉक्टरचं स्थळ आलं असताना मुलगी कवीला देणाऱ्या बापाला विचारावं, त्या सुरात. मी पडद्याची चमक, झूम, सात वर्षांचे अपडेट असं काहीबाही सांगत बसतो. २०२३-२४ पासून काही कंपन्यांनी महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं आहे. म्हणजे साडेसातीपेक्षा फक्त सहा महिने कमी. हप्ते चोवीस महिन्यांत फिटतील. फोन मात्र मी रिटायर झाल्यावरही वर्षभर स्वतःला सुधारत राहील.

अमेरिकेत म्हणे आयफोनवाल्यांच्या मेसेजमध्ये आपल्या गोतातल्यांना पाठवलेले फुगे निळे दिसतात, अँड्रॉइडवाल्यांना पाठवलेले हिरवे, आणि शाळकरी पोरं हिरव्यांना चिडवतात. आपल्याकडे सगळा देश व्हॉट्सॲपवर असल्यामुळे सगळेच हिरवे. आपल्याकडे जात कळते ती लग्नात. सगळे स्टेजवर उभे राहिले की कोणीतरी ओरडतं, "आयफोनवर काढा रे!" मग फोटो काढायला रिकामा माणूस शोधतात आणि तो मी असतो. खिशात वीस कोटी पिक्सेल आणि हातात कोणाचा तरी चार-पाच वर्षांपूर्वीचा, एक कोटी वीस लाख पिक्सेलचा आयफोन, अशा अवस्थेत मी "जरा जवळ या" म्हणत असतो.

तसं त्या वीस कोटींचंही फार मनावर घेऊ नका. एरवी फोटो काढताना फोन सोळा-सोळा पिक्सेलांचा एकेक गट करतो आणि गटामागे एकच ठिपका काढतो. उजेड जास्त गोळा व्हावा म्हणून. वीस कोटींचे सव्वा कोटी उरतात. सोळा माणसांचं एकत्र कुटुंब आणि रेशन कार्ड एक. पुढे तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तिथे आणखी आवळला जातो. आणि या सगळ्या खटाटोपातून मी आजवर काय टिपलं म्हणाल, तर विजेच्या मीटरचं रीडिंग, गॅसच्या पुस्तकाचं पहिलं पान आणि डॉक्टरांच्या अक्षरातलं औषधाचं नाव. ते मात्र झूम करूनही लागलं नाही.

फोनची चौकट टायटॅनियमची आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास बघितली. त्यानंतर दर्शन नाही, कारण दुसऱ्या दिवशी कव्हर घातलं. तेही सुखासुखी मिळालं नाही. स्टेशनबाहेरच्या पोराला मॉडेल सांगितलं, तर मागे टांगलेल्या शे-दीडशे कव्हरांकडे वळूनही न बघता त्याने मान हलवली.

"काका, तो माल इकडे येत नाय. आयफोन बोला, नायतर वीस-पंचवीस हजारपर्यंतचं काय पण बोला. हे वरचं कोण घेतं?"

"मी घेतलाय."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि याच कंपनीच्या एका स्वस्त मॉडेलचं कव्हर त्यावर दाबून बसवलं. लांबी-रुंदी जमली. एक डोळा तेवढा अर्धा झाकला गेला, मोतीबिंदू झाल्यासारखा. "तेवढं ब्लेडने कापून घ्या. दीडशे द्या." टायटॅनियमवर दीडशेचं रबर चढलं आणि लाखाचा फोन चारचौघांत खरोखरच पंचवीस हजारांचा दिसू लागला. माझ्या खोट्याला तेवढाच आधार.

काचही त्यानेच लावली. तिथे घोटाळा झाला. या फोनमध्ये बोट ओळखायची जागा पडद्याच्या खाली आहे. ती ध्वनिलहरी सोडते आणि बोटाच्या रेषांवर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून मालक ओळखते. मध्ये भलती काच आली, तिच्याखाली हवा राहिली, की लहरी वाटेतच हरवतात. त्यामुळे फोर्टात चहाच्या टपरीवर रोज सकाळी एक नाटक होतं. पंधरा रुपयांची कटिंग. मी अंगठा लावतो. नाही. पँटला पुसून लावतो. नाही. फुंकर मारून लावतो. 'पुन्हा प्रयत्न करा'. मागच्या हमालाच्या फोनवर कोळ्याने विणल्यासारख्या चिरा आहेत, तो एका टिचकीत पैसे देऊन निघूनही जातो. चहावाला म्हणतो, "साहेब, राहू दे, उद्या द्या." लाखाचा फोन बाळगून पंधरा रुपयांची उधारी. शेवटी आकडे दाबून कुलूप उघडतो, मग यूपीआयचा पिन, आणि मग टपरीवरचा बोलका डबा सगळ्या फूटपाथला सांगतो की पंधरा रुपये मिळाले. चहा तोवर गार.

लोकलमध्ये तर मी हा फोन काढतच नाही. दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्याच्या हातावर रुळांकडेचा कोणी काठी मारतो आणि पडलेला फोन उचलून पसार होतो. या उद्योगाला आमच्याकडे 'फटका' म्हणतात. म्हणून लोकलसाठी मी जुना, सात हजारांचा फोन ठेवला आहे. बदल्यात तो कोणी सहाशेच्या वर घेत नव्हतं, तेव्हा त्याला ही अंगरक्षकाची नोकरी दिली. नवा डब्याच्या पिशवीत, पोळीच्या डब्याखाली, रुमालात गुंडाळून झोपलेला असतो. घरापासून ऑफिसपर्यंतचा दीड तास, म्हणजे एका खेपेला जेवढी मोकळीक मला मिळते तेवढी सगळी, मी जुन्यावरच काढतो.

पावसाचीही तीच कथा. फोनच्या डब्यावर लिहिलंय, आयपी अडुसष्ट. सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, आठ म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालेल, आमच्या कंपनीच्या हिशेबाने दीड मीटर खोल, अर्धा तास, पाणी गोडं आणि स्थिर. जुलैमध्ये दादरला पुलावर फोन वाजला. काढला, तर पावसाचे थेंबच त्याला बोटं वाटायला लागली. मी उचलायला जातो आणि थेंब कट करतात. एका थेंबाने तर माझ्या साहेबांना परत फोन लावला. दीड मीटर पाण्यात जगणारा फोन दादरच्या सरीत वेडा होतो. आणि वॉरंटीचं पुस्तक वाचलं तर त्यात पाण्याने झालेलं नुकसान धरलेलंच नाही. म्हणजे पोहता येतं, पण बुडालास तर आम्ही तुला ओळखत नाही.

चार्जर डब्यात नव्हताच. नवरदेव आला, घोडी तुमची.

पण या फोनने एकदा मला खरोखर मान मिळवून दिला होता, निदान दहा मिनिटं. श्रावणातली अंगारकी होती. आईचा उपास. कालनिर्णयात चंद्रोदय सव्वानऊच्या पुढचा. पूर्वी आमच्या गॅलरीतूनच चंद्र दिसायचा. आता समोर बावीस मजल्यांचा टॉवर आहे आणि चंद्र त्याच्या पार्किंगपाशी अडकतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही, आईचे गुडघे असे. म्हटलं, तू बस, मी गच्चीवर जाऊन चंद्र घेऊन येतो.

गच्चीवर ढग. दहा मिनिटांनी एका फटीतून पिवळट गोळा जेमतेम दिसला. शंभरपट झूम लावलं, श्वास रोखला, बटण दाबलं. आणि पडद्यावर काय यावं! कडेला किंचित खाल्लेला, मधले काळे डाग, खड्डे, सगळं लख्ख. मी तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आलो. आईने चष्मा पुसला, फोन हातात धरला आणि नमस्कार केला. हिने मोदकाचं ताट पुढे सरकवलं. घरात माझ्या फोनची अशी पूजा प्रथमच होत होती.

तेवढ्यात आमची कन्या खोलीतून बाहेर आली. इंजिनीअरिंगला आहे. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजी, हा फोनने काढलाय."

"फोननेच काढणार ना गं?"

"तसं नाही. काढलाय म्हणजे चितारलाय." आणि तिने आजीला सगळी हकीकत सांगितली. २०२३ साली एका माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम इतका धूसर केला की एकही खड्डा दिसू नये. तो कॉम्प्युटरवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून अशाच एका महागड्या फोनने टिपला. फोटोत खड्डे हजर! "चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते ना आजी, फोनला ती पाठ झालीय. धूसर दिसलं की तो आठवून भरतो."

आई क्षणभर गप्प बसली. "म्हणजे आपल्या सत्यनारायणाच्या गुरुजींसारखं. पोथीकडे न बघता."

"अगदी तसंच."

"मग हा चंद्र नाही. हा चंद्राचा अंदाज आहे." तिने फोन टीपॉयवर ठेवला, मोदकाचं ताट झाकलं, भिंतीला धरून उठली आणि एकेक पायरी चढत गच्चीवर निघाली. दारातून मागे वळून मला म्हणाली, "जाऊ दे रे. वाईट वाटून घेऊ नकोस. पंचवीस हजारात आणखी काय मिळणार!"

ते वाक्य मला दोन मजले चढेपर्यंत टोचत होतं. फोनची अब्रू वाचवायची तर माझी जात होती. मी तिच्या मागून तांब्या घेऊन गेलो.

गणपतीत चिपळूणहून मामा आले, आईचे धाकटे भाऊ. वय बहात्तर, पण हौस दांडगी. आईने तोवर अंदाजाचा भाग विसरून माझ्या फोनचं कौतुक सगळ्या नातेवाइकांत पोचवलं होतं. मामांनी फोन हातात घेतला, गच्चीवरून टॉवरच्या बाराव्या मजल्यावरची कुंडी झूम करून पाहिली, तिच्यातलं सुकलेलं गुलाबाचं रोप ओळखलं आणि म्हणाले, "पंचवीस हजारात? हा?" मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून रबर लावलेलं पुडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. पाचशेच्या पन्नास नोटा. "मलाही अस्साच आण. दुसरा नको."

मी म्हटलं, "मामा, ती ऑफर होती. संपली."

"संपली तर पुन्हा येईल. दिवाळी आहे पुढे."

"आणून दे की रे," आई आतून म्हणाली. "मुंजीत घड्याळ कोणी दिलं होतं तुला?"

रात्री हिशेब मांडला. एक लाख दहा हजारांतून पंचवीस गेले. उरले पंच्याऐंशी हजार. बरोबर डोंबिवलीतली एक जागा. हिला दाखवला, ती म्हणाली, "आता आईंना सांगून टाका." आणि दिवा मालवून झोपली.

सांगितलं नाही. दिवाळीत मामांसाठी साडेचोवीस हजारांचा फोन आणला, याच कंपनीचा. कव्हरसाठी स्टेशनबाहेरच्या त्याच पोराकडे गेलो. त्याने खुंटीवरून जे काढलं ते पाहून मी चपापलो, कारण तेच माझ्या फोनवर होतं. मूळचं याच मॉडेलचं. मामांच्या फोनवर ते मापाने शिवल्यासारखं बसलं, कुठल्याही डोळ्यावर झापड नाही. दोन्ही फोन शेजारी ठेवले तर जुळे दिसतात. मामा भलतेच खूश आहेत. त्यांच्या फोनचं बोट बाजूच्या बटणावर आहे, ते शेतातून आलेल्या ओल्या हातालाही पहिल्या खेपेला उघडतं. डब्यात चार्जरसुद्धा निघाला. चंद्राचा फोटो त्यांनी चिपळूणच्या अंगणातून काढून आईला पाठवला, पांढरा ठिपका, नुसता बत्तासा. आई म्हणाली, "हा बघ, हा खरा. मामाचा फोन खोटं बोलत नाही."

आता एक विनंती. आई हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. या महिन्याचा अंक टपालात गहाळ झाला असं मी तिला सांगणार आहे. तेव्हा डोंबिवलीकर वाचकांनी वाचून झालेला अंक कृपा करून आमच्या जिन्यात कोणाला देऊ नये.