स्पीकर बदलण्याचं वय

घरातले जुने स्पीकर बदलावेत का, हा प्रश्न माणसाला पन्नाशीनंतरच का छळतो? तरुण कान साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतात. साठीला वरच्या पट्टीतलं बरंचसं ऐकू येईनासं झालेलं असतं. नेमका तेव्हाच हाती पैसा खुळखुळतो आणि ४०,००० हर्ट्‌झपर्यंत पोचणारा ट्वीटर घरी येतो. तो ऐकणार कोण? शेजाऱ्यांचं कुत्रं.

जुन्या जोडीचं दुखणं बहुधा किरकोळ असतं. शंकूच्या कडेची फोमची रिंग पंधरा-वीस वर्षांत भुगा होते. नवी चिकटवता येते. क्रॉसओव्हरमधले सुकलेले कपॅसिटरही बदलता येतात. पण दुरुस्ती पाहुण्यांना दाखवायची कशी?

शिवाय खोली! उघड्या फरश्या, एक स्पीकर सोफ्यामागे, दुसरा शोकेसवर, त्याच्या डोक्यावर पितळी गणपती. अशा ठिकाणी लाखाची जोडी आणली तरी किशोरीताई विहिरीतूनच गाणार. जाड पडदे, एखादी सतरंजी यांनी बरंच भागलं असतं, पण दुकानदार सतरंज्या विकत नाही.

घरच्यांची शंका एकच: यावर मालिका लागतील ना?