हप्ते आणि अडगळ

ज्या भिलाईचा पोलाद कारखाना 1955 च्या करारान्वये सोव्हिएत रशियाकडून अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाच्या बोलीवर कर्ज काढून उभा राहिला, आणि ज्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 1959 साली खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले, तेथील सेक्टरातल्या मराठी गृहस्थाने पतपेढीच्या हप्त्यापायी रात्रभर कूस बदलावी, हे स्थानमाहात्म्यास शोभत नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करण्याचा हुकूम येताच घरात अडगळ निघू लागते; पितळी घंगाळ, मोडका पाळणा भंगारवाल्याच्या तराजूत निमूट चढतात, परंतु फिटलेल्या कर्जाच्या पावत्यांना हात लागताच गृहस्थांचा जीव कासावीस होतो. रशियाने तरी बेबाकीचा दाखला दिला असेल काय, अशी शंका त्यांना हल्ली मध्यरात्री येऊ लागली आहे.