परिशिष्ट सात

भंडारा जिल्ह्यात शेतकऱ्याला जलनियोजनात सहभागी करून घ्यायचा मुहूर्त नेहमी ऐन रोवणीचा निघतो. पऱ्हे उपटून बांधीत पडलेले, बाया सांगून ठेवलेल्या, आणि शिपाई दारात हजर: 'चला भाऊ, कार्यशाळा आहे.'

हॉलमध्ये आराखडा छापून, बाइंडिंग होऊन तयार असतो. फक्त शेवटचं परिशिष्ट सात, 'लाभधारकांचा सहभाग', तेवढं कोरं. ते भरायला आपण. म्हणजे हजेरीपत्रक.

एक सही दारात, दुसरी समोशाची, तिसरी प्रवासभत्त्याच्या आशेवर. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेला. तलावांच्या झडपा चोरीला जातात, पेन मात्र शाबूत. चिखलानं अंगठा उमटत नाही म्हणून तो पुसून पुन्हा टेकवायचा. मागून कुणीतरी उठतो, 'साहेब, आमच्या तलावाचं तुडूम गळते.' तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड. साहेब विचारतात, 'सही केली का?' केली. 'मग बसा.' इतिवृत्तात येतं: 'सखोल चर्चा झाली. शेतकऱ्यांनी समाधान व्यक्त केले.' हे असंच चाललं तर उद्या तलावातला साठा दलघमीत न मोजता सह्यांत मोजतील. पाचशे सह्या झाल्या की एक आवर्तन. टेलच्या शेतकऱ्यानं दोनदा सही करावी, पाणी पोचत नाही तर निदान नाव तरी पोचेल. आणि दुष्काळ पडलाच तर तातडीनं जादा हजेरीपत्रकं छापून घ्यावीत, प्रत्येकी तीन प्रतींत.

2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा सांगतो की पाणी मोजून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेला द्यावं आणि संस्थेनं ते वाटावं. संस्थेला शिक्का मिळाला. मोजायची पट्टी कालव्यावर कुठंतरी बेशरमच्या झुडपात आहे. तलाव भरून टाकणारी ही बेशरम एवढी एकच, जी सही न करता सहभागी होते.

पण खरं सांगतो, मला हसू येत नाही. ज्या मुलखात गोंड राजवटीत कोहळी समाजानं तलाव बांधले, पाळ कुठं घालायची हे जमिनीचा उतार बघून ठरवलं, कुठल्या बांधीला आधी पाणी आणि गाद कुणी काढायची हे गावानं बसून ठरवलं, त्या मुलखातल्या माणसाला 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर चाळीस स्लाइड दाखवतात! या तलावांचा मालक मालगुजार काही देव नव्हता, वेठही घ्यायचा. पण 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि तलाव राखायचं काम कुणाचंच उरलं नाही. गाद साचत गेली. आता त्याच गावाला त्याच्याच तलावात 'सहभागी' करून घेताहेत, वर समोसा.

पर्यावरणाचं सत्र जेवणानंतर. शेतकऱ्यानं फवारणी कमी करावी, तणस जाळू नये. मान्य. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत, थेट गोसेखुर्दच्या जलाशयात उतरतं. त्या धरणाचं भूमिपूजन 1988 चं. त्यात जमीन गेलेली माणसं आता काठावर तेच पाणी हुंगत बसली आहेत. या सांडपाण्याचं नाव कुठल्याही हजेरीपत्रकावर नाही. धिवराच्या जाळ्यात काय येतं, हा प्रश्न कुठल्याच स्लाइडवर नव्हता.

माझी एक सूचना आहे. पुढची कार्यशाळा मे महिन्यात, तलावाच्या पोटात घ्या. आराखडा कोरा आणा, लिहायला आम्ही आहोत. हजेरीपत्रक आमचं, सह्या साहेबांच्या. पोहे आमच्याकडून. चपला तेवढ्या पाळीवर काढून ठेवाव्यात, मधोमध गाद अजून गुडघाभर लागते.