दोर तो दोर!

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व समस्त कार्यकारिणी,
आमची गिर्यारोहण संस्था, सोलापूर.

विषय : सभासदांना मिळणाऱ्या अखंड सेवेबद्दल जाहीर आभार.

महोदय,

संस्थेचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पत्र वाचून ज्या कार्यकारिणीला राग येईल, तिनं ते आपल्यालाच आलं असं समजावं.

सगळ्यात आधी तुमच्या धाडसाला दाद देतो. ज्या गावचा किल्लासुद्धा भुईकोट, त्या गावात गिर्यारोहणाची संस्था काढायची म्हणजे चेष्टा नाही. मान वर करून बघावं असं एक काहीतरी होतं, सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी. विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये तीही पाडली. कळसूबाई १६४६ मीटर उंच खरी, पण ती पार अकोले तालुक्यात. सह्याद्रीचं तोंड बघायचं तर आम्हाला आधी अडीचशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं. डोंगर इतका लांब असलेल्या माणसाला संस्थेचाच आधार. तो तुम्ही कसा दिलात, हे गावाला कळावं म्हणून हा खटाटोप.

वर्गणी भरली त्याच दिवशी मला टी-शर्ट मिळाला. पाठीवर प्रायोजकांची नावं आहेत, छातीवर हिमशिखर आहे. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सुविचार येतो आणि शुक्रवारी रात्री मोहिमेची जाहिरात : ‘सोलापूर ते सोलापूर, चहा-नाष्टा, जेवण व प्रमाणपत्रासह’. हरिहर गड ‘सर’ केल्याचं प्रमाणपत्र माझ्याकडं आहे. त्यावर गड बोटाएवढा आणि अध्यक्षांचा फोटो तळहाताएवढा आहे. गडावर अध्यक्ष आले नव्हते, ती उणीव अशी भरून निघाली.

सत्कारांबद्दल तर बोलायलाच नको. सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’नं उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एकाच मोहिमेत आठ जण माथ्यावर पोचवले. अशा बातम्यांना आपली संस्था फार संवेदनशील आहे. इकडं बातमी आली की तिकडं हॉल बुक! मात्र ‘गिरिप्रेमी’ची स्थापना १९८२ ची आहे, हे कुठल्याच भाषणात येत नाही. मधली तीस वर्षं त्या मंडळींनी काय केलं? कडे चढले, हिमालयातली लहानमोठी शिखरं केली आणि नव्या पोरांना शिकवत राहिले. पुढं प्रशिक्षणाची वेगळी संस्थाही काढली. आपण ही तीस वर्षं वाचवली आणि थेट सत्काराला पोचलो. वेळेची एवढी बचत महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या संस्थेनं केली असेल असं वाटत नाही.

आता साहित्य विभाग. कार्यालयातलं हिरवं लोखंडी कपाट मी एकदा उघडून घेतलं. वरच्या कप्प्यात स्मृतिचिन्हं. मधल्या कप्प्यात मागच्या वर्षीचे बॅनर. तळाशी इन्व्हर्टरची बॅटरी, आणि तिला टेकून वेटोळं करून ठेवलेला आपला दोर. देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली होती. खरेदीची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. साहित्याच्या रजिस्टरमध्ये नोंद एकच : ‘दोर, नग १, मांडववाल्यास दिला, परत आला.’

हा दोर नायलॉनचा आहे. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब, नुसती वाफसुद्धा नायलॉनला आतून खाते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. न वापरलेला दोरही दहा वर्षांनी बाद करा, असं दोर बनवणारेच सांगतात. नेहमी वापरात असला तर त्याच्या कितीतरी आधी, आणि त्यावर कुणी जोरात पडलं तर लगेच. पडणाऱ्याला झेलणारा दोर ताणला जाऊन झटका स्वतःवर घेतो. रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून खाली उतरण्याचा दोर फारसा ताणत नाही. म्हणून एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नसतं. आपला कुठल्या जातीचा, असं मी विचारलं. ‘काय बे, दोर तो दोर!’ हे उपाध्यक्षांचं उत्तर कपाटावर रंगवून घ्यावं, ही विनंती.

नेतृत्वाचा प्रश्न तुम्ही लोकशाही पद्धतीनं सोडवलात. ज्याची गाडी, तो लीडर. उत्तरकाशीची ‘निम’ किंवा दार्जिलिंगची ‘एचएमआय’ या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांत बेसिक कोर्सलाच २८ दिवस जातात. आपल्याकडं शनिवारी रात्री गाडीत डिझेल टाकलं की कोर्स पूर्ण. राज्य शासनानं २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेचे नियम काढले, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्या सभेत दोन्हींचं टाळ्यांच्या गजरात स्वागत झालं. वाचन तेवढं राहिलं.

अपघाताची सोय काय, असं एका नव्या सभासदानं विचारलं, तेव्हा ‘शुभ बोल’ म्हणून त्याला गप्प केलं गेलं. अशुभ घडलंच तर पायथ्याचे गावकरी धावतात. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखे स्वयंसेवक हातातलं काम टाकून निघतात, आणि वेगवेगळ्या भागांतली अशी पथकं जोडून देण्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. पण येणारा माणूस आधी साध्याच गोष्टी विचारतो : किती जण आहेत, कुठल्या वाटेनं गेले, रक्तगट काय, कुणाला दमा-मधुमेह आहे का? आपली यादी ग्रुपवर असते, आणि गडावर रेंज नसते.

वार्षिक सभेचा आदर्श तर इतरांनीही घ्यावा. सूचना रात्री अकराला, सभा सकाळी नऊला. ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली’ हे वाक्य इतिवृत्तात आधीच छापून ठेवलेलं असतं. संस्था १८६० च्या कायद्यानं आणि विश्वस्त संस्था म्हणून १९५० च्या कायद्यानं नोंदलेली असल्यामुळं हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अहवालही द्यावा लागतो. आपण विश्वस्त कधी बदललेच नाहीत. कागद वाचला.

‘सोलापुरात डोंगरच नाही, तर आम्ही काय करणार?’ हे तुमचं ठेवणीतलं उत्तर मला पाठ आहे. पण गाठ मारायला डोंगर लागत नाही. मोडलेल्या पायाला खपाटी बांधायला शिकायचं तर पार्क मैदान पुरतं. दोराचं रजिस्टर टेबलावर लिहितात आणि मोहिमेची यादी घरी बसून करतात. लीडर कोण, हे ठरवायलाही चढ लागत नाही. डोंगरावर जीव वाचवणारं बरंचसं काम सपाटीवर करून ठेवायचं असतं, आणि सपाटीची तर आपल्याकडं कधीच टंचाई नव्हती. उन्हाचा सराव मे महिना फुकट देतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही चूल न पेटवता दिवस दिवस टिकणारी शिदोरी तर घराघरात आहे. एवढं भांडवल असताना आपण अडलो ते डोंगरापायी नव्हे.

तरी मा. अध्यक्षांच्या परवानगीनं, आयत्या वेळच्या विषयांत, पुढील ठराव घ्यावेत :

१. प्रत्येक दोराची खरेदीची तारीख, वापर आणि त्यावर पडलेला माणूस यांची नोंद ठेवावी. बॅटरीची सोय दुसरीकडं करावी.

२. दरवर्षी निदान एका होतकरू पोराला बेसिक कोर्सला पाठवावं. आल्यावर त्यानं बाकीच्यांना शिकवावं, आणि त्याच्याकडं गाडी नसली तरी त्यालाच लीडर करावं.

३. मोहिमेची यादी कागदावर करावी. एक प्रत पायथ्याच्या गावात आणि एक सोलापुरात, मोहिमेला न गेलेल्या माणसाकडं ठेवावी.

४. वरील तीन ठराव अमलात येईपर्यंत सत्कार अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेऊ नयेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक आजीव सभासद

ता. क. : बाद झालेला दोर नुसता फेकायचा नसतो. कुणी उचलून परत वापरू नये म्हणून त्याचे तुकडे करायचे असतात. कपाटातल्या दोराचे आजच करावेत आणि झेंडूच्या माळा बांधायला सत्कार समितीला द्यावेत. त्या समितीत अजून कुणी पडून जखमी झाल्याची नोंद नाही.