इतरांचा रकाना

आपल्या जनगणनेला गबाळी म्हणणाऱ्याने तिचे भाषांचे तक्ते पाहिलेले नसतात. 2011 साली लोकांनी मातृभाषा म्हणून 19,569 नावं सांगितली. लोक काय, विचारलं की सांगतात! छाननी होऊन 1,369 मातृभाषा उरल्या, त्यांच्या 121 भाषा झाल्या. 1,474 नावं कुठेच बसेनात, ती 'इतर'मध्ये गेली. दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील त्या भाषेचं नाव छापायचंच नाही, हा 1971 पासूनचा शिरस्ता तर शहाणपणाचा कळस. त्याआधी, 1961 मध्ये, 1,652 मातृभाषांची नावं छापली होती. केवढी ती उधळपट्टी!

हिंदीचं एकत्र कुटुंबही बघण्यासारखं. तिच्या नावावरच्या 52 कोटींत 5 कोटी भोजपुरीवाले आणि अडीच कोटी राजस्थानीवाले सुखाने नांदतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीचा न्याय त्याहून चोख: 24,821 जणांची मातृभाषा असलेली संस्कृत आत, एक कोटीहून अधिक लोकांची भिली बाहेर. भिल्लांना थांबायची सवय आहेच.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, आपण पेढे वाटले. त्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. मराठीशी नातं नाही, शेजारच्या कोरकूशी नाही, जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. अशी भाषा तक्त्यात घेतली नाही हे उत्तमच झालं. जिला नातेवाईक नाहीत तिच्यासाठी भांडायला कोण येणार?

अंदमानात बोआ सीनियर या वृद्धा 'बो' भाषा बोलणाऱ्या शेवटच्या. 26 जानेवारी 2010 रोजी त्या वारल्या. दिल्लीत त्या दिवशी विविधतेचे चित्ररथ नेहमीप्रमाणे शिस्तीत निघाले. पुढच्याच वर्षी जनगणना होती, तिचं एका भाषेचं काम वाचलं.

आता 2027 ची जनगणना येते आहे. प्रगणक दारात आला की घरात जी भाषा बोलता तिचंच नाव सांगा. अहिराणी असेल तर अहिराणी, कोरकू तर कोरकू, निहाली तर निहाली. आणि त्याने काय नोंदवलं ते स्वतः बघितल्याशिवाय त्याला पुढच्या घरी जाऊ देऊ नका.